बिनगाठीचा टाका

१

सोळा नंबरच्या पानानंतर अठरा नंबरचं पान आलं.

मी पान मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं. बोटाला थुंकी लावून दोन पानं चिकटली आहेत का तेही पाहिलं. सतरा नंबर नव्हताच. चार महिने अर्ज, अर्जाला स्मरणपत्र, स्मरणपत्राची पोच आणि पोचीची झेरॉक्स असले सगळे सोपस्कार करून एकदाची ती नोंदवही माझ्यासमोर आली होती, आणि बहात्तर वर्षांपूर्वीच्या शंभर रुग्णांमधलं मला हवं असलेलं नेमकं एक पान त्यात नव्हतं. मला रडू नाही आलं, संताप आला.

"पान कुठाय?" मी विचारलं.

काउंटरपलीकडच्या रेकॉर्ड क्लार्कने मान उंचावून पाहिलं. हा गृहस्थ दर खेपेला "उद्या या" म्हणायचा, म्हणून मी मनात त्याचं नाव उद्यासाहेब ठेवलं होतं. त्याच्या शर्टाचं मधलं बटण तुटलेलं होतं आणि तिथे त्याने चक्क स्टेपलरच्या दोन पिना मारल्या होत्या.

"आता तर वही तुमच्या हातात आहे," तो म्हणाला. "पान नाही म्हणजे काय? लिहून द्यावं लागेल तुम्हाला."

"मी लिहून देऊ? पान तुमचं हरवलंय!"

"वही उघडली तुम्ही."

अशा माणसाशी भांडून घसा कोरडा होतो, बाकी काही होत नाही. मी सोळावं पान पुन्हा पाहायला घेतलं. पुढच्या बाजूला खाट क्रमांक, वय, वजन. मागच्या बाजूला तापाचा आलेख, आणि आलेखाच्या खाली एक बंद पाकीट डिंकाने चिकटवलेलं.

"हे काय?"

"पत्र असेल कोणाचं," उद्यासाहेब जांभई देत म्हणाला. "तेव्हा हे टीबीचं आरोग्यधाम होतं ना. पेशंटची पत्रं आधी मेट्रन वाचायची. ताप चढेल असं काही असलं की द्यायची नाही. त्याच्याच पानाला चिकटवून टाकायची."

मी पत्राच्याच शोधात आले होते.

आई नऊ वर्षांची असताना तिच्या ताईला, म्हणजे माझ्या मावशीला, क्षय झाला. मावशी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला इथे ठेवलं. वर्षभराने डॉक्टरांनी घरी कळवलं, मुलगी बरी आहे, येऊन सही करा आणि घेऊन जा. आजोबांना सहीपुरतंच लिहिता यायचं. म्हणून त्यांनी उत्तर सांगितलं आणि आईने ते तिच्या शाळकरी अक्षरात लिहिलं. घरात लहान मुलं आहेत, तू इकडे येऊ नकोस, तू आम्हाला मेलीस असं आम्ही समजतो. महिन्याभराने आजोबांनी घरात सांगितलं, ताई गेली. पुढे तिचं नाव काढायची सोय राहिली नाही.

आई आता ब्याऐंशीची आहे. चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. बहात्तर वर्षं ती मनात एकच धरून होती, की आपल्या पत्राने ताई गेली. "मला एवढंच शोधून दे," ती म्हणाली. "तिने ते वाचलं का?"

मी कापडगिरणीत छत्तीस वर्षं कापड तपासलं. दोष शोधणं हे माझं पोट होतं. दोरे मोजायचं भिंग अजून माझ्या पर्समध्ये असतं. गिरणीतले लोक मला भिंगबाईच म्हणायचे. वाटलं होतं, कागद तपासणं त्यापेक्षा काय अवघड असणार?

"ही वही याआधी कोणी पाहिली?" मी विचारलं.

उद्यासाहेबाने कुरकुरत भेटीचं रजिस्टर काढलं. गेल्या दहा वर्षांत फक्त एक सही होती, गेल्या वर्षीची. लपेटेदार, खाली दोन रेघा मारलेली. ती मला लहानपणापासून माहीत होती. मामाची सही होती ती.

२

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ताई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ छापायचं वेड घेतलं. त्याच्या टेबलावर डिंकाची बाटली, कात्रणांचे ढीग आणि एक दाढीचं पातं कायम असतं. वर्तमानपत्रातलं काहीही आवडलं की तो ते कापतो. ग्रंथालयाच्या वर्तमानपत्रातलंही कापतो, त्यावरून त्याला तिथून एकदा हाकललं होतं.

"मामा, आरोग्यधामाच्या वहीतलं पान तुम्ही कापलंत का?"

"मी?" मामाने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, मी गेलो तेव्हाही ते नव्हतं!"

"मग मला सांगितलं का नाहीत? मी चार महिने वणवण करतेय!"

"तू विचारलंस कुठे?"

हे मामाचं नेहमीचं. त्याने अभिमानाने आपलं पुस्तक पुढे सरकवलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. मावशीच्या नावापुढे जन्मवर्ष होतं आणि मृत्यूची चक्क तारीख होती.

"ही तारीख कुठून आणली?"

"वॉर्डाच्या रोजच्या हजेरीपटावरून. त्या तारखेपर्यंत सतरा नंबरच्या खाटेवर तिचं नाव आहे. दुसऱ्या दिवसापासून नाही. म्हणजे त्याच दिवशी गेली."

"मृत्यूच्या रजिस्टरमध्ये नाव पाहिलंत?"

"ते मागितलं तर तो क्लार्क म्हणाला, उद्या या."

"मग?"

"मग काय मग! पुस्तक छपाईला जायचं होतं. सगळ्यांच्या नावापुढे तारखा आणि एकटीपुढे रिकामी जागा? बरं दिसतं का ते?"

मला त्याच्या डोक्यावर ती डिंकाची बाटली ओतावीशी वाटली. रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून ह्या माणसाने सख्ख्या बहिणीला एका तारखेला मारून टाकलं होतं. आणि दोनशे प्रती छापून नातेवाइकांत वाटल्या होत्या.

पण परतताना डोक्यात दुसरंच घोळायला लागलं. मामा खोटं बोलत नसेल, तर पान त्याच्याही आधी गेलं होतं. आणि खोटं बोलत असेल, तर पातं त्याच्या टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काउंटरवर. आता मात्र मी उद्यासाहेबाला हलू दिलं नाही. मृत्यूची वही काढायला लावली, घरी सोडलेल्या रुग्णांची वही काढायला लावली. मामाच्या त्या तारखेच्या आसपासचे तीन महिने बोटाने ओळ न् ओळ पाहिले. मावशी मेलेल्यांत नव्हती. घरी गेलेल्यांतही नव्हती.

"असं कसं होईल?" मी ओरडलेच. "माणूस एकतर मरेल नाहीतर घरी जाईल!"

"त्या काळचं मी काय सांगणार?" उद्यासाहेब वैतागून म्हणाला. "मागच्या क्वार्टर्समध्ये छोटी सिस्टर राहते, तिला विचारा. तिला इथल्या भिंतींचं वय माहितीये. पण ती बोलत नाही कोणाशी."

३

छोटी सिस्टर पंच्याऐंशीच्या घरात होती. नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून पडलेलं नाव तिला अजून चिकटलेलं होतं. खोली एकच, पण कोपऱ्यात दोन खाटा, दोन्हींवर स्वच्छ चादरी. तिने चहा दिला. उजव्या हाताने साखर ढवळून कप पुढे केला.

"सतरा नंबर?" ती म्हणाली. "अहो, शेकडो पेशंट आले. कोणाकोणाला लक्षात ठेवायचं?"

"माझी मावशी होती. आई तिचा शोध घेतेय. आईचं वय झालंय."

"मी तर त्यानंतर किती वर्षांनी लागले इथे."

"पण कोणी काही बोललं असेल. जुन्या नोंदी कोण सांभाळायचं?"

"मला नाही ठाऊक."

अशी अर्धा तास टोलवाटोलवी चालली. विचारेन त्याला "नाही ठाऊक." मी कंटाळून खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीच्या पडद्यावर ती अडकली. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, आणि दर चौथ्या पट्टीत एक दोरा जास्त. ते मी कुठेही ओळखलं असतं. आमच्याच गिरणीचा माल. मागाची जुळणी बिघडली होती, मी तो माल अडवला म्हणून साहेबाशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याच आठवड्यात माग दुरुस्त झाला आणि तेवढं कापड सेकंडचा माल म्हणून फाटकावर विकलं गेलं. एकोणतीस वर्षं झाली त्याला.

"पडदे छान शिवलेत," मी उठता उठता म्हणाले. तुरपाई खरोखरच बघण्यासारखी होती. बारीक, एकसारखी, फक्त टाके नेहमीपेक्षा उलट्या बाजूला कललेले. "तुम्ही शिवलेत?"

"मी आयुष्यात फक्त माणसं शिवली. जखमेला टाके घालायचे, गाठ मारायची," ती म्हणाली. मग घाईने दार उघडलं. "तुमच्या आईला सांगा, जिवाला लावून घेऊ नका. पत्र वाचून कोणी मरत नाही."

मी मान डोलावली, जिना उतरले, रस्त्यापर्यंत आले. आणि तिथे माझे पाय थांबले.

मी तिला मावशीचं सांगितलं होतं. आईचं सांगितलं होतं. पत्राबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते.

धावत जिना चढून दार वाजवलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी दहा मिनिटं दार बडवलं, शेजारचे बाहेर येऊन बघायला लागले, पण बाईने दार उघडलं नाही.

४

त्या संध्याकाळी मी आईवर डाफरले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. "सगळे कानावर हात ठेवतात! एकाचं पान हरवलंय, एकाला रिकामी जागा चालत नाही, एक दार लावून बसते. आणि तू बहात्तर वर्षं गप्प बसलीस, ते वेगळंच!"

आई उठली. चाचपडत कपाटाशी गेली, खालच्या कप्प्यातून एक कापडी पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत एक इवलासा फ्रॉक होता. मूळचा निळा असावा.

"ताईने शिवलेला. आजारी पडायच्या आधी," आई म्हणाली. "मला ना, कपड्यातल्या गाठी टोचायच्या. मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. मग ताईने युक्ती काढली. माझ्या कपड्यांत ती गाठच मारायची नाही."

"गाठ न मारता दोरा टिकेल कसा?"

"ते तू बघ. तू मोठी भिंगबाई ना!"

मी भिंग लावलं. दोरा दुहेरी घेतलेला. दोन्ही टोकं सुईत ओवलेली, म्हणजे दुसऱ्या बाजूला आपोआप फास तयार होतो. पहिला टाका घालायचा आणि सुई त्या फासातून काढून ओढायची. दोरा घट्ट बसतो आणि गाठ लागत नाही. हुशारीचं काम होतं. मग मी टाक्यांचा कल पाहिला आणि भिंग खाली ठेवलं.

"आई, मावशी कुठल्या हाताने शिवायची?"

"डाव्या. वडील रागवायचे, पण तिला उजव्याने जमायचंच नाही. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले. पडद्याचे टाके असेच उलटे कललेले होते. आणि तो पडदा माझ्या मावशीच्या छापील मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी विणला गेला होता.

तरी मी आईला काही सांगितलं नाही. डावखुऱ्या बायका जगात पुष्कळ असतात. एवढ्यावर मी कापडाचा तागासुद्धा पास केला नसता.

५

"उद्या या," उद्यासाहेब म्हणाला.

"आज," मी म्हणाले. "पान कोणी काढलं ते तुम्हाला हवंय ना? नाहीतर रिटायर होईपर्यंत तुम्हीच लिहून देत बसाल."

हे त्याला पटलं. त्याने वही दिली. या वेळी मी पानं वाचलीच नाहीत. वही उभी धरून पाठीपाशी उघडली आणि भिंग लावलं.

पातं फिरवून पान कापलं तर शिवणीशी कागदाची पट्टी उरते. इथे पट्टी नव्हती. शिवलेल्या वहीत एक मोठा कागद मधोमध दुमडून दोन पानं होतात. कोणीतरी शिवण उसवून तो अख्खा कागद बाहेर काढला होता, घडीवर अलगद फाडून सतरा नंबर वेगळा केला होता, आणि दुसरी अर्धी बाजू निसटू नये म्हणून शेजारच्या पानाला परत शिवली होती. पान चोरणाऱ्याने उरलेल्या पानाची काळजी घेतली होती. असा चोर मी पाहिला नव्हता.

आणि टाके? उलटे कललेले. सुरुवातीला गाठ नाही, दुहेरी दोऱ्याचा फास.

डावा हात एक वेळ योगायोग असेल. गाठ न मारण्याची सवयही एक वेळ असेल. पण दोन्ही एकत्र, आणि तेही नेमक्या सतरा नंबरच्या पानाशी?

"ह्या वह्या शिवायचं कोण?" मी विचारलं.

"पूर्वी? बाहेर कशाला देतील? इथे शिवायचं ते सगळं लिननरूममध्ये. चादरी, गाऊन, फाटलेल्या वह्या, सगळं एकाच बाईकडे. मी लागलो तेव्हा ती नुकतीच रिटायर झाली होती." तो एकदम थांबला. "छोट्या सिस्टरच्या खोलीत राहायची ती."

मी मामाला फोन केला. "असाल तसे या," म्हटलं. "तुमच्या पुस्तकात एक तारीख चुकलीय."

६

मामा मागे आणि उद्यासाहेब पुढे, असे आम्ही तिघं जिना चढलो. मी दार वाजवलं नाही. दाराबाहेरूनच मोठ्याने बोलले.

"सिस्टर, पान मामाने काढलेलं नाही. ह्यांनी पात्याने कापलं असतं, पट्टी उरली असती. क्लार्कसाहेबांनीही नाही, त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही. तुम्हीही नाही. तुम्ही उजव्या हाताच्या, आणि टाका घातला की गाठ मारणाऱ्या. पान माझ्या मावशीनेच काढलं. ती मेली नव्हती, ती लिननरूममध्ये होती. एक दिवस फाटलेली वही तिच्याकडे शिवायला आली, आणि आपल्याच पानाला चिकटवलेलं पत्र तिला सापडलं. तुम्हाला पत्राचं तिच्याशिवाय कोण सांगणार होतं?"

आत पावलं वाजली. मग कडी निघाली.

"बसा," छोटी सिस्टर म्हणाली. उद्यासाहेब बटणावर हात ठेवून कोपऱ्यात उभा राहिला. मामा त्या दुसऱ्या खाटेवर बसायला गेला आणि बसला नाही.

"नेणाऱ्याची सही असल्याशिवाय पेशंटला सोडायचं नाही, असा नियम होता," ती सांगू लागली. "हिला न्यायला कोणी आलं नाही. मेट्रनने पत्र दडवलं, म्हणाली, हिचा ताप उलटेल. आणि एके दिवशी पेशंटच्या यादीतून नाव खोडून हिला लिननरूममध्ये घेतलं. सोडलं नाही आणि मेलीही नाही, म्हणून तुम्हाला कुठल्याच वहीत सापडली नाही. तिला वाटायचं, घरचे विसरले. तशी बारा वर्षं गेली. मग ती वही शिवायला आली."

"वाचल्यावर तरी घरी यायचं!" मामा ओरडला.  "मी मोठा झालो होतो तेव्हा. मी नेली असती तिला."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, 'अक्षर माझ्या धाकटीचं आहे. मी दारात उभी राहिले की पोरीला कळेल, मी ते वाचलं. जन्मभर खात बसेल ते तिला. त्यापेक्षा मी मेलेलीच बरी.' पान काढून घेतलं, म्हणजे पुढेमागे कोणी शोधत आलं तरी हाती लागू नये. मला शपथ घातली. नऊ वर्षांपूर्वी गेली, याच खाटेवर. शपथ अजून आहे."

नऊ वर्षांपूर्वी. बसने दोन तासांच्या अंतरावर. मला कोणाला तरी मारावंसं वाटलं आणि कोणाला ते कळेना. आजोबा केव्हाच गेले होते.

"सिस्टर," मी म्हणाले, "तिला वाचवायचं होतं ते वाचलेलं नाही. आई बहात्तर वर्षं हेच समजतेय की तिच्या पत्राने बहीण मेली."

छोटी सिस्टर खाली वाकली आणि खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला.

सर्वांत वर ते पान होतं. पाकिटावर मेट्रनचा शेरा: "रुग्णास दिले नाही." आत आईचं दहा वर्षांचं, ओळ सोडून चढत जाणारं अक्षर. आजोबांची ती वाक्यं मी वाचली नाहीत, नुसती नजरेखालून घातली. सगळ्यांत शेवटी, सहीच्याही खाली, आजोबांची पाठ वळल्यावर घाईने खरडलेली एक ओळ होती: "निळा फ्रॉक मला आखूड झाला, नवीन कधी शिवशील?"

आणि डब्याच्या तळाशी, कागदात गुंडाळलेला, एक पिवळा फ्रॉक होता. दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा, थोडा वाढता. "वही शिवली त्याच महिन्यात शिवला हिने," सिस्टर म्हणाली. "पाठवायचा कसा, आणि पाठवून ती तो घालणार कशी? धाकटी तेव्हा बावीस वर्षांची झाली होती."

मामाने खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं. उद्यासाहेबाने पान मागितलं नाही. जाताना फक्त एवढंच म्हणाला, "रजिस्टरला लिहून टाकतो, पान आढळले नाही. चालेल?"

७

येताना बसमध्ये मी ठरवून टाकलं. खोटं बोलायचं नाही, पण सगळंही सांगायचं नाही. पत्र तिला दिलं नव्हतं, हे खरंच होतं. बारा वर्षांनंतरचं आईने विचारलं नव्हतं. मावशीने जे पन्नास वर्षं सांभाळलं, ते मी एका वाक्यात मोडणार नव्हते.

"आई, ती वाचली होती," मी सांगितलं. "चांगली ब्याऐंशी वर्षं जगली. तिथेच नोकरी केली. आणि तुझं पत्र तिला दिलंच नाही. मेट्रनने ठेवून घेतलं. पाकिटावर तसं लिहिलंय."

आईने माझा हात धरला. दोन्ही हातांनी घट्ट. कितीतरी वेळ ती नुसती रडली, आणि मी पहिल्यांदाच त्या चार महिन्यांत कोणावर चिडले नाही.

मग मी फ्रॉक तिच्या मांडीवर ठेवला. "हा तिने शिवला होता. तुझ्यासाठी."

आईने तो उलटा केला. बोटं शिवणीवरून फिरवत गेली, बाहीपाशी, कमरेपाशी, खाली घेरापाशी. प्रत्येक ठिकाणी थांबत, चाचपत.

"गाठ नाही," ती म्हणाली आणि हसली. मग तिने फ्रॉक स्वतःच्या छातीशी लावून पाहिला, खांद्यापासून कमरेपर्यंत. माप घेत राहिली. हळूहळू तिचं हसू थांबलं.

"हा निळ्यापेक्षा मोठा आहे."

"हो."

"निळा आखूड झाला हे तिला कोणी सांगितलं?"

मी फ्रॉककडे पाहिलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कापडातली भोकं शोधली, आणि स्वतःच्या हाताने हे एवढं मोठं भोक आईच्या मांडीवर आणून ठेवलं होतं.

"ते फक्त मी पत्रात लिहिलं होतं," आई म्हणाली. "वडिलांना न सांगता. म्हणजे वाचलं तिने."

मी तिच्याजवळ सरकले. म्हटलं, आता ही पुन्हा स्वतःला दोष द्यायला लागणार. बारा वर्षांचं, वहीचं, शपथेचं, सगळं भडाभडा सांगायला तोंड उघडलं. आईने हात वर करून मला थांबवलं.

"सगळं वाचलं," ती म्हणाली. "ते वडिलांचं वाचलं, आणि माझंही वाचलं. आणि उत्तर माझ्याच ओळीला दिलं."

तिने फ्रॉकची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग निळा फ्रॉक मागून घेतला आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून, उजेड येत होता त्या खिडकीकडे तोंड करून बसली.

"चहा टाक," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आणि मामाला फोन लाव. त्याला म्हणावं, ती तारीख खोड आधी."